दाढ ठणकतेय: सिव्हिल, केगाव की गल्लीतलं क्लिनिक?

ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांना कामावर कानात इअरफोन घालून बसता येत नाही, त्यांच्यासाठी आजचं बोलणं इथं लिहून देतोय. मधले 'अं…' आणि 'म्हणजे काय ना' तेवढे काढलेत. बाकी जसं बोललो तसंच आहे.

दातांवर एक भाग करा, हे बऱ्याच जणांचं मागणं होतं. विचारणं वेगवेगळं, पण मुद्दा एकच. "दाढ दुखतीय, प्रायव्हेटला गेलं तर खिसा रिकामा, सिव्हिलला गेलं तर दात काढूनच टाकतात म्हणे. करायचं काय?" कुणी आईसाठी विचारलं, कुणी स्वतःसाठी. एकानं तर थेट विचारलं, "सरकारी चांगलं का प्रायव्हेट चांगलं, एका शब्दात सांगा."

एका शब्दात नाही सांगता येत. कारण कुठं जायचं हे तुमचा पगार जितका ठरवतो, तितकंच तुमचा दात ठरवतो. दात आज कुठल्या टप्प्यावर आहे ते कळलं, की कुठलं दार वाजवायचं हे बरंचसं कळतं. म्हणून आधी दोन मिनिटं दाताला देऊया.

दात आतून

दाताच्या सगळ्यात वर इनॅमलचा थर असतो. आपल्या शरीरातला हा सगळ्यात कठीण पदार्थ. पण त्यात नसा नसतात, त्यामुळं तो किडला तरी कळत नाही. नुसता पांढरट किंवा काळपट डाग दिसतो आणि आपण म्हणतो, चहाचा असेल. त्याच्या खाली डेंटिन. कीड तिथं पोचली की गार पाणी, आइस्क्रीम, गोड लागायला लागतं. आणि सगळ्यात आत असतो तो मऊ भाग, ज्याला आपण 'नस' म्हणतो. कीड तिथं गेली की रात्रीची झोप जाते. आडवं पडलं की ठणका वाढतो, गरम चहा सहन होत नाही, आणि नेमकी कुठली दाढ दुखतेय हेही बोट ठेवून सांगता येत नाही.

आता गंमत बघा. यानंतर चार-आठ दिवसांनी बऱ्याचदा दुखणं आपोआप थांबतं. आपण खूश! पण ती नस मेलेली असते. दुखायला आत काही उरलंच नाही, म्हणून शांतता. संसर्ग मात्र मुळाच्या टोकाकडं सरकत असतो आणि काही महिन्यांनी हिरडीवर पुटकुळी येते, नाहीतर एक दिवस गाल सुजून उठतो.

पहिल्या दोन टप्प्यांत साधं फिलिंग पुरतं. नस गेली की दोनच रस्ते: रूट कॅनाल किंवा दात काढणं. खर्चाचा खरा खड्डा या दोन टप्प्यांच्या मधे आहे. फिलिंगपासून रूट कॅनाल आणि कॅपपर्यंत पोचलात की बिल कित्येक पटींनी वाढतं, आणि सरकारी व्यवस्थेचा हात नेमका तिथंच आखडतो. तो का आखडतो, ते पुढं सांगतो.

सरकारी म्हणजे नेमकं कुठलं?

सोलापुरात 'सरकारी दवाखाना' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिव्हिलच येतं. पण सरकारी दवाखान्यांची दोन वेगळी घरं आहेत आणि हे आपल्याला कुणी सांगत नाही.

ज्याला आपण सिव्हिल म्हणतो, ते श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे, म्हणजे वैद्यकीय शिक्षण विभागाचं. दुसरं घर सार्वजनिक आरोग्य विभागाचं. त्यात गावातलं प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय, पंढरपूरसारख्या ठिकाणचं उपजिल्हा रुग्णालय आणि शहरात गुरुनानक चौकातलं जिल्हा सामान्य रुग्णालय.

फरक काय पडतो? 15 ऑगस्ट 2023 पासून राज्यात 'सगळे उपचार मोफत' हा निर्णय लागू झाला, तो या दुसऱ्या घरासाठी, आरोग्य विभागाच्या दवाखान्यांसाठी. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात धरलेली नव्हती. म्हणून सिव्हिलमधे केसपेपरचे किंवा एक्स-रेचे पैसे मागितले की लोक खिडकीवर भांडतात, "मोबाईलवर तर सगळं फ्री म्हणून आलंय!" मेसेज खोटा नसतो, पण तो दुसऱ्या घराचा असतो. आणि सिव्हिलचे हे पैसेसुद्धा बाहेरच्या मानानं अगदी किरकोळ असतात, त्यामुळं तेवढ्यावरून परत फिरू नका.

तालुक्यांतल्या मंडळींसाठी एक गोष्ट. केंद्र सरकारचा राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम 2014-15 मधे सुरू झाला. त्यातून जिल्हा रुग्णालयापासून खाली ग्रामीण रुग्णालयांपर्यंत दाताची खुर्ची, साहित्य आणि माणसं द्यायची, अशी योजना आहे. त्यामुळं दाताच्या डॉक्टरसाठी थेट सोलापूरची एसटी पकडण्याआधी आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक फोन करा: डेंटल ओपीडी आहे का, कुठल्या वारी असते, आणि खुर्ची चालू आहे का. हा तिसरा प्रश्न मी हसत हसत सांगतोय, पण विचारा.

घरात शाळेत जाणारी भावंडं असतील तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमही लक्षात ठेवा. 2013 पासून अंगणवाडी आणि सरकारी-अनुदानित शाळांतल्या 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची यात तपासणी होते आणि त्यात दातही येतात. शाळेत डॉक्टरांचं पथक येऊन गेलं आणि मुलाच्या हातात चिठ्ठी दिली असेल, तर ती दप्तरात चुरगाळून पडू देऊ नका. पुढच्या सरकारी उपचाराचा रस्ता तिथून निघतो.

"तिथं दात काढूनच टाकतात"

ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू आली, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. पण त्यामागं डॉक्टरांचा आळस आहे असं समजू नका. त्यामागं खुर्चीचा हिशोब आहे.

समजा सकाळच्या ओपीडीत एक खुर्ची चार तास चालते. साधा दात काढायला, भूल चढण्याचा वेळ धरून, 20 मिनिटं धरा. म्हणजे 12 पेशंट मोकळे. दाढेच्या रूट कॅनालच्या एका बैठकीला एक तास धरा. म्हणजे 4 पेशंट, आणि त्यांनाही बहुतेक वेळा पुन्हा बोलवायचं. शिवाय त्यानंतर कॅप लागते, कॅपसाठी माप घेऊन ते लॅबकडं पाठवावं लागतं, आणि लॅबचं बिल कुणीतरी भरावं लागतं. बाहेर बाकावर 30 जण गाल धरून बसलेत. तुम्ही त्या खुर्चीमागं उभे असता, तर काय केलं असतं?

म्हणून सरकारी व्यवस्था दोन टोकांना मजबूत आहे. सुरुवातीच्या टोकाला तपासणी, एक्स-रे, दात काढणं, औषधं, बऱ्याच ठिकाणी दात साफ करणं आणि साधं फिलिंग. आणि पार शेवटच्या टोकाला अपघातात मोडलेला जबडा, तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया, मानेपर्यंत उतरलेली सूज. मधलं जे आहे, रूट कॅनाल, कॅप, ब्रिज, तारा, ते मिळण्याची खात्री धरता येत नाही. कुठल्या रुग्णालयात कधी काय चालू असेल हे त्या वेळचे डॉक्टर आणि आलेलं साहित्य यावर असतं.

आणि याची किंमत कोण भरतं? विशी-पंचविशीतली पोरं. विडीच्या कारखान्यात जाणारी आई. "किती दिवस दुखणं सोसायचं, काढून टाका" म्हणतात आणि पुढची दाढ जाते. काढलेल्या दाढेची जागा मग रिकामी राहत नाही. शेजारचा दात त्या फटीत कलायला लागतो, समोरच्या जबड्यातला दात खाली उतरायला लागतो. माणूस एकाच बाजूनं चावायला लागतो आणि मग त्या बाजूवर ताण येतो. आपल्याकडं कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणाऱ्या गावात मागच्या दोन दाढा नसणं काय असतं, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. भाकरी आमटीत भिजवूनच खावी लागते. ते म्हातारपणी ठीक आहे हो, बाविसाव्या वर्षी कशाला?

तेव्हा सरकारी खुर्चीवर बसल्यावर एक वाक्य पाठ करून जा: "डॉक्टर, हा दात वाचण्यासारखा आहे का? इथं वाचवता येत नसेल, तर कुठं वाचेल?" एवढंच. न लाजता, न भांडता. दात वाचण्यासारखा असेल आणि तिथं रूट कॅनाल होत नसेल, तर दुखणं थांबवण्याची पहिली पायरी, म्हणजे आतली नस मोकळी करून वर तात्पुरतं औषध भरणं, तिथं होऊ शकते का तेही विचारा. तसं झालं तर पुढचं ठरवायला थोडे दिवस हातात येतात. 'थोडे दिवस' म्हणजे एक-दोन आठवडे. दिवाळीपर्यंत नव्हे.

दात खरोखरच वाचणार नसेल, मूळच फुटलंय किंवा सगळा हलतोय, तर काढण्यासाठी सरकारी ओपीडीइतकी स्वस्त आणि सरावलेली जागा नाही. तिथं रोज इतके दात निघतात की हात बसलेला असतो.

तिसरं दार: केगाव

सोलापुरात सरकारी डेंटल कॉलेज नाही. राज्य सरकारची डेंटल कॉलेजं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबईत महापालिकेचं नायरही आहे. पण आपल्याकडं पुणे रोडला केगावात, ज्या बाजूला विद्यापीठ आहे तिकडंच, पंडित दीनदयाळ उपाध्याय डेंटल कॉलेज आहे. ते खाजगी कॉलेज आहे, सरकारी नव्हे. तरीही पेशंटच्या दृष्टीनं डेंटल कॉलेज हा सरकारी आणि गल्लीतल्या क्लिनिकच्या मधला रस्ता असतो.

कारण सोपं आहे. बीडीएस चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यावर तीन वर्षांचं एमडीएस. या पोरांना पास व्हायला पेशंट लागतात. इतके रूट कॅनाल, इतक्या कवळ्या, इतकी फिलिंग्ज केल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कॉलेजला पेशंट हवे असतात म्हणून दर कमी ठेवलेले असतात. तुमचा त्रास हा त्यांचा अभ्यासक्रम आहे, असं म्हणा ना.

"म्हणजे आमच्यावर शिकणार?" हो, शिकणार. पण शिकताना प्रत्येक पायरीवर सर किंवा मॅडम येऊन बघतात, मगच पुढं. एक्स-रे दाखवल्याशिवाय, सही घेतल्याशिवाय विद्यार्थी पुढं सरकत नाही. माझं मत विचाराल तर अवघड रूट कॅनाल एमडीएसच्या विद्यार्थ्याकडं, वर मास्तरांची नजर असताना, करून घेणं हा घाट्याचा सौदा नाही. उलट तिथं अक्कलदाढेचा, हिरडीचा, लहान मुलांच्या दातांचा, तारांचा असे वेगवेगळे विभाग एकाच इमारतीत असतात. गल्लीतल्या क्लिनिकमधे त्यासाठी वेगवेगळे डॉक्टर ठरलेल्या वारी यावे लागतात.

तोटा एकच, पण मोठा. वेळ. जे काम क्लिनिकमधे दोन बैठकांत उरकतं, त्याला इथं चार-पाच फेऱ्या लागू शकतात. मधेच परीक्षा आली, सुट्टी लागली, विद्यार्थ्याची पोस्टिंग बदलली की अजून लांबतं. आणि फेरी फुकट नसते. हिशोब करून बघा. रोज 500 रुपये असलेल्या माणसाचा प्रत्येक फेरीला अर्धा दिवस बुडाला तर 250. येण्याजाण्याचे 60 धरा. पाच फेऱ्यांचे झाले 1550. हे कुठल्याच पावतीवर दिसत नाही, पण गेले ना खिशातून? कॉलेजात सांगितलेल्या दरात हे मिळवा आणि मग क्लिनिकच्या दराशी तुलना करा. सुट्टीत घरी असलेल्या विद्यार्थ्याला केगाव नक्की परवडतं. रोजंदारीवरच्या माणसाला प्रत्येक वेळी परवडेलच असं नाही.

पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून घ्या: एकूण किती वेळा यावं लागेल, कॅपसकट सगळे मिळून किती होतील, आणि माझं काम कोण करणार. ज्या विद्यार्थ्याकडं काम आहे त्याचा किंवा तिचा नंबर घ्या. बहुतेक वेळा तेच तुम्हाला फोन करून बोलवतात.

गल्लीतलं क्लिनिक

प्रायव्हेटची बाजू मी कमी करून सांगणार नाही. संध्याकाळी आठ वाजता कामावरून सुटून जाता येतं. तोच डॉक्टर पुढच्या वर्षीही भेटतो. लवकर गेलात तर फिलिंग एका बैठकीत होऊन जातं, आणि त्यासाठी दोन दिवस रजा टाकण्यापेक्षा ते स्वस्तही पडतं. म्हणजे साध्या कामाला क्लिनिक महाग, असं डोळे मिटून म्हणता येत नाही.

पण तिथं प्रश्न विचारायची आपल्याला लाज वाटते. रिक्षावाल्याशी दहा रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण, डेंटिस्टसमोर आ वासून गप्प! खुर्चीवर झोपवलेलं, तोंडात पंप, डोळ्यावर लाइट, आणि तेवढ्यात वरून आवाज येतो, "अजून दोन दाताला करावं लागेल, करून टाकू?" अशा वेळी हो म्हणू नका. हात वर करा, उठून बसा, एक्स-रेवर बोट ठेवून दाखवायला सांगा. चांगला डॉक्टर याचा राग मानत नाही. दाखवतो.

रूट कॅनालचा दर विचारताना कायम 'कॅप धरून' विचारा. नुसता रूट कॅनालचा आकडा ऐकून माणूस हो म्हणतो, नंतर कॅपचा आकडा ऐकतो आणि कॅप न बसवताच निघून जातो. मग दाढ उभी चिरू शकते, कारण आतून पोखरलेली दाढ चावण्याचा दाब एकटी पेलत नाही. गेले ना दोन्ही पैसे पाण्यात? कॅपसाठी पैसे नसतील तर हे आधीच बोला. टप्प्याटप्प्यानं द्यायचं बऱ्याच ठिकाणी चालतं.

आणि कॅप कुठली? सगळ्यात स्वस्त धातूची. मग धातूवर सिरॅमिकची. सगळ्यात महाग झिर्कोनिया, तिच्याबरोबर वॉरंटी कार्ड. समोरच्या दातांना दातासारखा रंग हवाच. पण पार मागच्या दाढेला कोण बघतंय हो? तिथं साधी धातूची कॅप वर्षानुवर्षं टिकते. डॉक्टरनं फक्त महागातलीच सांगितली तर "धातूची चालेल का?" एवढं विचारायला काही लागत नाही.

बोर्डावर डॉक्टरचं नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा. 1948 च्या दंतवैद्यक कायद्यानुसार राज्याच्या दंत परिषदेत नोंदणी असल्याशिवाय दातांची प्रॅक्टिस करता येत नाही. जत्रेत, बाजारात कुणी शेजारच्या दाताला तार बांधून कायमचा नकली दात 'फिक्स' करून देत असेल, तर तिथून पुढं चला. तो दात काढता येत नाही, साफ होत नाही, आणि शेजारचे दोन चांगले दात घेऊन जातो.

मोफत शिबिरांबद्दलही एक शब्द. शिबिरात तपासणी मोफत असते, उपचार बहुतेक वेळा नसतात. तपासणी जरूर करून घ्या. काय सापडलं ते कागदावर लिहून घ्या. उपचार कुठं घ्यायचे हे घरी येऊन ठरवा.

एक्स-रेचा फोटो मोबाईलमधे काढून ठेवायची सवय लावा. मोठा खर्च सांगितला असेल तर तोच फोटो घेऊन दुसऱ्या डॉक्टरचं मत घेता येतं, आणि सिव्हिलची किंवा कॉलेजची ओपीडी दुसऱ्या मतासाठी फार उपयोगी. तिथं तुम्हाला कॅप विकण्यात कुणालाच रस नसतो.

बिल मागा. काही बिघडलं तर ग्राहक आयोगात जाता येतं, पण त्याला कागद लागतो. डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्यात येते, हे सुप्रीम कोर्टानं 1995 मधेच सांगितलंय. सगळ्यांना पूर्ण फुकट सेवा देणाऱ्या दवाखान्यांना मात्र तो निकाल लागू होत नाही.

कार्ड कुठं चालतं, कुठं नाही

"माझ्याकडं आयुष्मान कार्ड आहे, रूट कॅनाल फ्री होईल का?" नाही होणार. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, पण ते मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांचं. खुर्चीवर बसून होणारं फिलिंग, रूट कॅनाल, कॅप त्यात बसत नाही. जबड्याचं फ्रॅक्चर आणि तोंडाचा कॅन्सर मात्र बसतो. माहितीसाठी योजनेचा 155388 हा नंबर आहे. कंपनीच्या मेडिक्लेममधेही अपघात सोडून दातांचा खर्च सहसा वगळलेला असतो. पॉलिसीत 'ओपीडी' किंवा 'डेंटल' वेगळं लिहिलेलं असेल तरच आशा धरा.

आता एक कार्ड जे आपल्यातल्या कित्येकांकडं असतं आणि लक्षातच नसतं. पगाराच्या स्लिपवर 'ईएसआय' म्हणून काही रक्कम कापलेली दिसते का? महिना 21000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के आणि मालकाकडून 3.25 टक्के जातात. शोरूम, सिक्युरिटी, गारमेंट, कारखाना, कुठंही. ते पैसे तुमच्या आणि तुमच्या घरच्यांच्या उपचारांसाठीच कापले जातात. होटगी रोडला कामगार विमा रुग्णालय आहे. ई-पेहचान कार्ड घेऊन आधी आपल्या विमा दवाखान्यात जा आणि दातांसाठी कुठं पाठवतात ते विचारा. दर महिन्याला पैसे भरायचे आणि दाढ दुखली की उसने काढून क्लिनिकला जायचं, याला काय म्हणायचं?

जिथं दार निवडत बसायचं नसतं

गाल सुजलाय आणि सूज जबड्याखाली, मानेकडं उतरतेय, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, ताप आहे, श्वास जड वाटतोय. यात क्लिनिक उघडायची वाट बघायची नाही. सरळ सिव्हिलच्या अपघात विभागात, कितीही वाजलेले असोत. गाडी नसेल तर 108. दाताचा पू मानेत उतरून श्वासाची वाट दाबू शकतो आणि त्यावर मेडिकलवरून आणलेल्या गोळ्यांचा इलाज नाही.

गाडीवरून पडून पक्का दात मुळासकट निघाला, तर उलट सगळ्यात जवळचा डेंटिस्ट गाठा, कुठलाही. दात मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, घासू नका, थंड दुधात टाका आणि पळा. अर्ध्या तासात पोचलात तर तो परत बसण्याची शक्यता चांगली असते. हे दुधाचं दाताला लागू नाही, फक्त पक्क्या दाताला.

आणि तिसरं, ज्यावर मला वेगळा भाग करायचाय. मावा. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, पण चौकातली पानटपरी तुम्हाला मला माहितीय. आणि घराघरात मिशरी. "मिशरी लावली की दाढ दुखायची थांबते," हे आजीचं म्हणणं अर्धं खरं आहे. तंबाखूनं थोडा वेळ बधिर वाटतं. खालची कीड मात्र वाढतच राहते. आपली स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, गालाच्या आत पांढरा चट्टा असेल, तिखट सहन होत नसेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण असेल, तर सिव्हिल किंवा केगाव. लागलीच तर तुकडा काढून तपासायची सोय तिथूनच होते. ही तपासणी दुखत नसतानाच करायची असते, कारण सुरुवातीला ते दुखतच नाही.

आलेल्या प्रश्नांतले दोन-तीन

"दात साफ केले की हलायला लागतात का?" नाही. वर्षानुवर्षं साचलेल्या कडक थरानं हिरडी आधीच खाली ढकललेली असते. थर निघाल्यावर ती मोकळी जागा जाणवते आणि आपण साफ करणाऱ्याला बोल लावतो.

"मेडिकलमधून अँटिबायोटिक घेतलं, दुखणं गेलं, आता डॉक्टरकडं जायला पाहिजे का?" पाहिजे. गोळीनं सूज उतरते, पण दातातलं भोक गोळीनं भरत नाही. आणि दुखऱ्या दाढेवर वेदनाशामक गोळी कुटून ठेवणारे अजून आहेत. त्यानं हिरडी भाजते, दाढ तशीच राहते.

"सिव्हिलला पहिल्यांदा जातोय, बरोबर काय नेऊ?" आधार कार्ड, रेशन कार्ड, चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी. शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी किंवा पोटात बाळ असेल तर ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा. जुना एक्स-रे असेल तर मोबाईलमधे. सकाळी लवकर जा, कारण केसपेपरची खिडकी दुपारपर्यंत थांबत नाही. आणि दात काढायचा असेल तर उपाशी जाऊ नका बे. काहीतरी खाऊन जा. इंजेक्शन बघून चक्कर येणारे बरेच लोक रिकाम्या पोटी आलेले असतात.